दागिन्यांनाही सातबारा हवा

दागिना पिढ्यान्‌पिढ्या टिकतो तो सोन्याच्या कसामुळे, अशी आपली समजूत असते. बँकेत वर्षानुवर्षे तारणाचे सोने पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे, की तो टिकतो कागदामुळे.

बडोद्याचेच पाहा. खंडेराव गायकवाड मोठे शौकीन. ब्राझीलमध्ये १८५३ साली सापडलेला ‘स्टार ऑफ द साऊथ’ हा सुमारे १२८ कॅरटचा हिरा त्यांनी विकत घेतला. मदिनेला अर्पण करण्यासाठी म्हणून बसरा मोत्यांनी भरलेला गालिचा करवला. महाराज १८७० मध्ये वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. पुढे १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले, तेव्हा जवाहिरातले खासगी किती आणि दौलतीचे किती, हा प्रश्न उभा राहिला. प्रतापसिंहरावांच्या दुसऱ्या पत्नी सीतादेवी मोनॅकोला राहायला गेल्या आणि बरेच जवाहीर परदेशी गेले. तो गालिचा २००९ मध्ये दोहाच्या लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरना विकला गेला. रयतेच्या वसुलातून घडलेली वस्तू, रयतेला कुणी विचारलेही नाही.

हैदराबादचे निराळे झाले. निजाम उस्मान अली खान यांनी १९५१-५२ मध्ये जवाहिराचे रीतसर न्यास केले. खटले पुष्कळ चालले, पण कागद होता. म्हणूनच १९९५ मध्ये केंद्र सरकारला १७३ नग सुमारे २१८ कोटी रुपयांना एकगठ्ठा घेता आले. ते देशातच राहिले.

राजेरजवाड्यांचे आपल्याला काय, असे तुम्ही म्हणाल. आमच्या उरणात बंदरासाठी, सिडकोसाठी जमिनी गेल्या, मोबदला आला आणि त्यातला काही सोनाराच्या पेढीवर गेला. जमिनीला सातबारा होता, गंठणाला काय आहे? लॉकरमध्ये काय ठेवले हे बँकेलाही ठाऊक नसते. सुनेच्या अंगावर घातले ते दिलेले की सांभाळायला, पाटल्या लेकीच्या की नातीच्या, हे एकट्या आजीला माहीत. ती गेली, की तेराव्याच्या आत भावंडांचे बोलणे बंद! स्त्रीधन स्त्रीचेच, असे कायदा सांगतो; पण कोर्ट पुरावा मागते.

तेव्हा एक वही आणा. नग, वजन, कुणी कुणाला केव्हा दिला, हे आजीच्या हयातीतच लिहा. लेकी-सुनांना समोर बसवा, सगळ्यांच्या सह्या घ्या. संशय घेतल्यासारखे दिसेल म्हणून आपण लिहायचे टाळतो आणि लिहिलेले नसते म्हणूनच पुढे संशय येतो. सोने मोडून पुन्हा घडवता येते. मोडलेले माहेर मात्र कुठल्याच सोनाराला घडवता येत नाही.