तपासणीचा कचरा कोणत्या लेखाशीर्षात?

पाण्याची तपासणी हे लोकोपयोगी काम. त्यामुळे तिच्यातून निघणाऱ्या कचऱ्याविषयी बोलणे आपल्या प्रशासनात काहीसे अशिष्ट समजले जाते. रोगराई टळते आहे ना, मग चार प्लास्टिकच्या बाटल्यांचे काय घेऊन बसलात, असा एकूण सूर असतो. हा सूर मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही ते इथे सविस्तर मांडतो.

गेली काही वर्षे माझा मुक्काम डमडमला आहे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचकाला हे नाव दोन कारणांनी ठाऊक असते: एक विमानतळ, आणि दुसरी येथील दारूगोळा कारखान्यात १८९० च्या दशकात तयार झालेली व १८९९ च्या हेग परिषदेत निषिद्ध ठरलेली बंदुकीची गोळी. इथे राहणाऱ्यांना मात्र डमडम आठवते ते बेलघरिया द्रुतगती मार्गालगत वर्षानुवर्षे साचत गेलेल्या प्रमोदनगरच्या कचऱ्याच्या डोंगरामुळे, आणि पावसाळ्यात प्लास्टिकने तुंबणाऱ्या बागजोला खालामुळे. फेकलेल्या वाटीत साचलेले चमचाभर पाणी डेंग्यूच्या डासाला पुरते, हे दक्षिण डमडमच्या नागरिकांना कोणी शिकवावे लागत नाही.

याच भागात पाण्याची तपासणी कमी करा असे म्हणणारा माणूस मूर्ख ठरेल. डमडम ज्या उत्तर २४ परगणा जिल्ह्यात आहे, तो बंगालमधील आर्सेनिकग्रस्त जिल्ह्यांपैकी एक प्रमुख जिल्हा. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील डॉ. क्षितीशचंद्र साहा यांनी १९८३ साली आर्सेनिकने त्वचेवर डाग पडलेले रुग्ण ओळखले, तेव्हापासून हा प्रश्न नोंदला गेला आहे. आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चव नाही. लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा ओलांडली गेली की नाही, हे तपासल्यावाचून कळत नाही. म्हणून तपासणी वाढलीच पाहिजे, आणि म्हणूनच तिचा कचराही हिशेबात धरला पाहिजे. जे काम थांबवता येत नाही, त्याचीच रीत आधी सुधारावी लागते.

आता थोडा इतिहास. १८८४ साली रॉबर्ट कॉख कोलकात्यात होते आणि डमडमपासून फार दूर नसलेल्या बेलियाघाट्याच्या एका तळ्याच्या पाण्यात त्यांना पटकीचे जंतू सापडले. तीन वर्षांनी त्यांचेच सहकारी पेट्री यांनी आपल्या नावाची बशी प्रचारात आणली. ती काचेची होती. धुवायची, तापवायची, पुन्हा वापरायची. पाण्यातील जंतूंचे हे शास्त्र जन्मले ते काचेत, आणि पुढे कित्येक दशके काचेतच वाढले. नमुन्याची बाटली १२१ अंशांच्या वाफेत पंधरा मिनिटे ठेवली की निर्जंतुक होते, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे.

मग काच गेली कोठे? एका प्रयोगशाळेत (नाव सांगत नाही, कारण ती अपवाद नाही) मी कपाटात धूळ खात पडलेल्या काचेच्या बाटल्या पाहिल्या. शेजारीच एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या बशांची खोकी छतापर्यंत रचलेली होती. कारण विचारले तेव्हा मिळालेले उत्तर प्रशासनाच्या प्रत्येक अभ्यासकाने लिहून ठेवावे असे होते: काच फुटली तर तूटफूट नोंदवहीत लिहावे लागते, निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो, प्लास्टिक फेकले तर कोणी विचारत नाही. शिवाय बाटल्या धुणाऱ्या परिचराचे पद रिक्त होते.

यात कोणाचाही आळस नाही. नियमांनी जे सोपे केले ते लोकांनी केले, इतकेच. निविदेत आपण सर्वांत कमी दर पाहतो, आणि तो दर असतो खरेदीचा. वस्तू फेकून देण्याचा खर्च त्यात नसतो. तो नगरपालिकेच्या घनकचऱ्याच्या लेखाशीर्षात जाऊन बसतो. एका खात्याची बचत म्हणजे दुसऱ्या खात्याचा खर्च, आणि दोन्ही खात्यांचे लेखापरीक्षण स्वतंत्र! अशाने काच महाग आणि प्लास्टिक स्वस्त ठरते. कागदावर.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे निर्जंतुकतेचा. एकदाच वापरायची वस्तू अधिक सुरक्षित, धुण्यात पाणी आणि वीज जाते, वगैरे. पाणी लागते हे खरे आहे. पण विजेचे गणित तपासून पाहा. जंतू वाढवलेली बशी तशीच कचऱ्यात टाकता येत नाही. ती आधी त्याच वाफेच्या यंत्रात घालून निर्जंतुक करावी लागते. म्हणजे यंत्र चालवायचेच आहे. फरक एवढाच की काचेची बशी त्यातून पुन्हा वापरण्याजोगी बाहेर येते, आणि पॉलिस्टायरिनची बशी वितळून गोळा होऊन येते. ज्या यंत्राने वस्तू वाचवता आली असती, तेच यंत्र आपण ती फेकण्यासाठी चालवतो. मान्यताप्राप्त प्रयोगशाळांच्या मानकाचे नावही या चर्चेत उगाच घेतले जाते. बाटली निर्जंतुक होती हे दाखवता आले पाहिजे, ही मानकाची अपेक्षा. ती एकदाच वापरलेली असावी, ही पुरवठादाराची अपेक्षा.

सगळे प्लास्टिक हद्दपार करा, असेही मी म्हणत नाही. फ्लोराइडचा नमुना काचेत घेऊ नये, कारण काचेशी त्याची प्रक्रिया होते. धातूंसाठीही पॉलिथिनची बाटलीच सोयीची. पण तीसुद्धा आम्लाने धुऊन पुन्हा वापरता येते. आणि पॉलिप्रोपिलीनची बाटली वाफेचे तापमान सोसते, हे साठा मागवणाऱ्या लिपिकाला कोणी सांगितलेलेच नसते.

खरी चिंता खेड्यांची आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये दर गावी पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संचावर पाणी तपासायला शिकवण्याची योजना आहे. आजवर वीस लाखांहून अधिक महिला शिकल्या. प्रशासनातील अलीकडच्या चांगल्या कल्पनांपैकी ही एक आहे, असे मी मानतो. जंतूंसाठी वापरली जाणारी काळी पडणारी कुपी हीही आपल्याच देशाची देणगी. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतील मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत १९८२ साली प्रसिद्ध केली. पाणी दूषित असेल तर कुपीतील कागदाची पट्टी काळी पडते. कोणत्याही जिल्हा प्रयोगशाळेत काचेच्या बाटलीत ती तयार करता येते. पण आता ती बव्हंशी प्लास्टिकची येते, आणि काळी पडलेली कुपी म्हणजे जिवंत जंतूंची कुपी. ती परत कोण नेणार? देशात सुमारे सहा लाख गावे. प्रत्येक गावात वर्षातून दोनदा, दोनच ठिकाणी तपासणी झाली असे धरले तरी चोवीस लाख कुप्या होतात. खरेदीच्या आदेशात त्यांच्या परतीबद्दल एक ओळ तरी असावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

कायद्याकडे पाहावे तर १ जुलै २०२२ पासून देशात ज्या वस्तूंवर बंदी आली, त्यांत कानकाड्या आहेत, ताटल्या-चमचे आहेत. प्रयोगशाळेतील वस्तू नाहीत. उत्पादकांवर परत घेण्याची जी जबाबदारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी टाकली, ती वेष्टनांपुरती आहे. नमुन्याची बाटली हे वेष्टन नव्हे, म्हणून ती सुटते. चहाच्या टपरीवरचा पेला गुन्हेगार आणि सरकारी प्रयोगशाळेतील बशी निर्दोष, हा न्याय टपरीवाल्याला कसा समजावणार?

परदेशी प्रयोगशाळांत काम करणारे अनेक मराठी वाचक हे वाचत असतील. हा केवळ आपला दोष नाही, हे ते जाणतात. एक्सेटर विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली 'नेचर'मध्ये पत्र लिहून जगभरातील जीवशास्त्रीय प्रयोगशाळांचा प्लास्टिक कचरा २०१४ या एका वर्षात ५५ लाख टन असावा असा अंदाज दिला होता. आता तर पाण्यातील सूक्ष्म प्लास्टिकही तपासले जाते. त्यासाठी नमुना काचेतच घ्यावा लागतो, नाहीतर बाटलीचेच कण मोजले जातात. म्हणजे कपाटातील त्या बाटल्या धुवाव्या लागणारच आहेत.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. निविदेच्या तुलनात्मक तक्त्यात विल्हेवाटीच्या खर्चाचा एक रकाना वाढवावा. कुप्यांच्या पुरवठा आदेशात रिकाम्या कुप्या परत नेण्याची अट घालावी आणि ती पाळल्याशिवाय अंतिम देयक देऊ नये. दरवर्षी काही टक्के काच फुटणारच हे गृहीत धरून तेवढ्या निर्लेखनाचे अधिकार प्रयोगशाळा प्रमुखालाच द्यावेत. आणि बाटल्या धुणाऱ्याचे रिक्त पद भरावे.