उमेदवारीचे सहा महिने

आमच्या लहानपणी ‘उमेदवारी’ हा शब्द निवडणुकीपुरता नव्हता. पेढीवर, छापखान्यात, वकिलाच्या कचेरीत मुलगा आधी उमेदवार म्हणून लागत असे. पगार नाही, असलाच तर चहापाण्यापुरता. पण सहा-आठ महिन्यांत मालकाला मुलगा कळे आणि मुलाला काम कळे. आज तिलाच इंटर्नशिप म्हणतात. इंजिनिअरिंगच्या आणि मॅनेजमेंटच्या मुलांना ती बहुधा कॉलेजच मिळवून देते. ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज आहे, त्या अपंग तरुणांच्या वाट्याला मात्र ती क्वचितच येते. (आता ‘दिव्यांग’ म्हणतात. शब्द बदलायला माझी हरकत नाही. पण फॉर्मवरचा शब्द बदलला म्हणून काउंटरची उंची बदलत नाही, हे मी बँकेत पाहिले आहे.)

आधी माझी स्वतःची चूक सांगतो. १९९८ साली मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. तिथे एक कर्णबधिर तरुण क्लार्क म्हणून रुजू झाला. बी. कॉम. झालेला, अक्षर मोत्यासारखे. १९९५च्या कायद्याने सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रात अपंगांसाठी तीन टक्के जागा राखीव झाल्या होत्या, त्यांतून आलेला. रिजनल ऑफिसने नेमणुकीचे पत्र पाठवले. त्याला काम कसे शिकवायचे, याबद्दल त्या पत्रात एक अक्षर नव्हते. मी त्याला रेकॉर्ड रूम दिली. व्हाउचरे शिवायची, गठ्ठे तारीखवार लावायचे. काउंटरवर गिऱ्हाइके ओरडणार, फोन वाजणार, बिचाऱ्याला त्रास कशाला, असा माझा विचार. हेड कॅशिअर म्हणाले, “साहेब, चांगलं केलंत.” सगळ्यांनाच चांगले वाटले. त्याला विचारावे, असे मात्र कोणाच्या मनात आले नाही. लिहून विचारता आले असते. बँकेत कागदाला काय तोटा!

२००१ साली त्याने बढतीचा अर्ज भरून माझ्यापुढे सहीसाठी ठेवला. कोणकोणत्या विभागांत काम केले, या रकान्यात पाच ओळी होत्या. त्याच्याबरोबर लागलेल्या मुलांनी तिथे सेव्हिंग्ज, कर्ज, क्लिअरिंग असे सगळे भरले होते. त्याने पहिल्या ओळीवर ‘रेकॉर्ड’ असे लिहिले होते आणि उरलेल्या चार ओळींवर पट्टी ठेवून तिरपी रेघ मारली होती, बँकेत कोऱ्या जागेवर मारतात तशी. मी सही केली. त्याला बढती मिळाली नाही.

त्या रेघेने मला जे शिकवले ते कुठल्याही परिपत्रकाने शिकवले नाही. राखीव जागा माणसाला दारापर्यंत आणते. आत आल्यावर त्याला काम करू द्यायचे की त्याची सोय लावून मोकळे व्हायचे, ते दाराच्या आतली माणसे ठरवतात. २०१६च्या कायद्याने राखीव जागा चार टक्के झाल्या, अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले. चांगलेच झाले. पण २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली आणि त्यांतल्या २९ लाखांहून अधिक आपल्या महाराष्ट्रातल्या. सरकारी नोकऱ्या कितीशा पुरणार? काम आहे ते दुकानांत, गोदामांत, इस्पितळांत, कारखान्यांत. तिथले मालक काही दुष्ट नसतात. ते घाबरलेले असतात. “घेतलं, आणि नाही जमलं, तर कोणत्या तोंडानं काढायचं?” हा प्रश्न मी कितीतरी सज्जन माणसांच्या तोंडून ऐकला आहे. आणि बिनबोभाट नकार द्यायला मुलाखत हे उत्तम साधन आहे. ज्याला बोलायला वेळ लागतो, ज्याची नजर समोरच्यावर ठरत नाही, त्याची पाच मिनिटांच्या मुलाखतीत काय परीक्षा होणार?

यावर एक तोड अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांच्या इस्पितळात १९९६ साली निघाली. आपत्कालीन विभागातल्या कपाटांत सुया, नळ्या, बँडेजे वेळच्या वेळी भरून ठेवणारी माणसे टिकत नव्हती. विभागाच्या प्रमुख परिचारिकेच्या मनात आले, की बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांना हे काम पद्धतशीर शिकवले तर? त्यातून ‘प्रोजेक्ट सर्च’ उभा राहिला. शाळेचे शेवटचे वर्ष शाळेत न काढता कामाच्या जागीच काढायचे, शिक्षकाने तिथे यायचे, आणि वर्षभरात तीन वेगवेगळ्या विभागांत फिरून काम शिकायचे. पुढे हा उपक्रम इतर देशांतही गेला. मला त्यातली एक गोष्ट फार पटली. त्यांनी मुलांसाठी मुद्दाम काम निर्माण केले नाही. अडलेले काम शोधले.

आमच्या सोसायटीत बावीस वर्षांचा एक मुलगा आहे. विशेष शाळा संपली, मग कार्यशाळेत चार वर्षे पाकिटे आणि दिवाळीच्या पणत्या. त्याची आई एकदा जिन्यात भेटली. म्हणाली, “काका, तुमची एवढी ओळख आहे. याला कुठे चिकटवता येईल का?” माझा एक मित्र सदाशिव पेठेत औषधांचा घाऊक व्यापारी आहे. त्याच्याकडे मुदत संपलेल्या औषधांचे खोके दुकानांतून परत येतात. कंपनीवार, बॅचवार, तारखेवार ते वेगळे करायचे. कंटाळवाणे काम, आणि एक चूक झाली तर कंपनी पैसे अडवणार. कुणीही मुलगा दोन महिन्यांवर टिकत नव्हता. मी मित्राला म्हटले, सहा महिने उमेदवारी दे. महिना पाच हजार आणि रोज चार तास. सहा महिन्यांनी हो किंवा नाही. नाही म्हणालास तर मी तुझ्याशी भांडणार नाही.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. तो प्रत्येक हमालाला नमस्कार करून घरी कोण कोण आहे ते विचारी. एक खोका संपला की थांबून राही. दुसरा घ्यायचा हे कुणी सांगितले नव्हते. टेम्पोचा हॉर्न वाजला की कान झाकून मागे जाऊन बसे. आई आठ दिवस गोदामाच्या पायरीवर बसून होती. शेवटी तिथल्या जुन्या नोकराने, ज्यांना सगळे मामा म्हणतात, खोक्यांना रंगीत चिकटपट्ट्या लावल्या आणि ते डावीकडून उजवीकडे ओळीने मांडले. ओळ संपली की काम संपले. मग त्यांनी आईला सांगितले, “ताई, उद्यापासून तुम्ही येऊ नका. तुम्ही दिसलात की तो माझं ऐकत नाही.”

तिसऱ्या महिन्यात तो बसमधून उतरायच्या थांब्यावर उतरलाच नाही, थेट स्वारगेटला पोचला. दोन तास त्याचा पत्ता नव्हता. गोदाम बंद करून मित्र स्कूटरवर शोधायला निघाला. मुलाने गळ्यातले कार्ड कंट्रोलरला दाखवले, त्यांनी फोन लावला आणि तो सापडला. आई म्हणाली, आता पुरे. वडील एरवी फारसे बोलत नाहीत, ते म्हणाले, “मी त्याच्या वयाचा असताना दोनदा चुकीच्या गाडीत बसून मिरजेला गेलोय. उद्या तो जाईल.” आणि तो गेला. मुलाला घराबाहेर सोडण्याची ही उमेदवारी आईबापांनाही करावी लागते, आणि त्यांना त्याचा भत्ता कोणी देत नाही.

सरकारने भत्त्याच्या योजना काढल्या आहेत, नाही असे नाही. २०२४ साली राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. तेव्हा सहा महिने प्रशिक्षण होते, शिक्षणानुसार दरमहा सहा ते दहा हजार. त्याच वर्षी केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली. तेव्हा ती बारा महिन्यांची होती, दरमहा पाच हजार. पण सुरू होताना राज्याची किमान अट बारावी होती आणि केंद्राची दहावी. आमच्या या मुलाकडे दोन्ही नाहीत. विशेष शाळेचा दाखला आहे, तो या रकान्यांत बसत नाही. त्याच्यासारख्यांसाठी ही एक अट सैल करायला फार मोठा खर्च येईल असे मला वाटत नाही.

दुसरी भीती मला उलट बाजूने वाटते. मोठ्या कंपन्यांत अपंग मुलांच्या इंटर्नशिपचा समारंभ होतो, पुष्पगुच्छ देतात, फोटो छापून येतो आणि तीन महिन्यांनी मुलगा प्रमाणपत्र घेऊन घरी. मग दुसरीकडे पुन्हा तीन महिने. सहा-सात प्रमाणपत्रे लॅमिनेट करून ठेवलेला एक अस्थिव्यंग तरुण मला ठाऊक आहे, एम. कॉम. आहे, टॅली येते. त्याला आता इंटर्नशिपचे नावही नको झाले आहे. उमेदवारीत शिकवणारा एक ठरलेला माणूस हवा, खरे काम हवे, आणि शेवटच्या तारखेला निर्णय हवा. बँकेत प्रोबेशनला निश्चित मुदत असते. मुदत संपली की कन्फर्मेशनचे पत्र द्यायचे किंवा कारण लेखी सांगायचे.

हे मी मित्राला मागच्या आठवड्यात ऐकवले, कारण त्याची सहा महिन्यांची मुदत या तीस तारखेला संपते. काम चांगले चालले आहे. परत गेलेल्या मालात तीन महिन्यांत एकही चूक निघालेली नाही, हे त्यानेच मला सांगितले. पण तो म्हणाला, “आणखी सहा महिने असंच चालू ठेवू या की. पाच हजार देतोच आहे.” मी म्हटले, दुसऱ्या कुणाला या कामाचे पाच हजार देशील का? तो चिडला. मीही चिडलो. चहा तसाच राहिला. निघताना तो म्हणाला, पत्नीशी आणि मामांशी बोलून सांगतो.

अजून निरोप आलेला नाही. काल मुलाची आई पुन्हा जिन्यात भेटली. पगाराचे तिने काहीच विचारले नाही. एक तारखेपासूनही डबा द्यायचा ना, एवढेच विचारले.