कंगवा, कॅमेरा आणि आपली इज्जत

आमच्याकडे मुलगी बारावी झाली की घरात दोनच रस्त्यांची चर्चा होते: डीएड-बीएड किंवा निकाह. मी स्वतः बीएड केलेली आहे, उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे पहिल्या रस्त्याबद्दल वाईट बोलण्याचा माझा इरादा नाही. पण त्या रस्त्यावर आज किती गर्दी झाली आहे, हे मी रोज पाहते. पवित्र पोर्टलच्या जाहिरातीची वाट बघत तिशी गाठलेल्या मुली धाराशिव जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्यात सापडतील. अशा वेळी एखादी मुलगी घरात तिसराच रस्ता काढते. ती म्हणते, मला फोटोशूटसाठी केस करायचं शिकायचं आहे, हेअर स्टायलिस्ट व्हायचं आहे. त्यावर येणारं उत्तर ठरलेलं असतं: "क्या? हज्जामत करेगी?"

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने मागच्या वर्षी हाच प्रश्न ऐकला. तिची हकीकत इथे सांगत बसत नाही, कारण ती काही एकटी नाही. मला बोलायचं आहे ते त्या प्रश्नाबद्दल. त्या एका वाक्यात आपल्या समाजाच्या तीन गोष्टी लपलेल्या आहेत: कामाबद्दलचं अज्ञान, जातीचा तुच्छभाव आणि पडद्याची काळजी. तिन्हींचा वेगवेगळा विचार केला तर बरं.

आधी अज्ञान. लग्नात नवरीचे केस करणं आणि फोटोसाठी केस करणं ही वरवर एकच गोष्ट वाटते, पण दोन्ही कामं वेगळी आहेत. नवरीची केशरचना सकाळपासून रात्रीपर्यंत टिकली पाहिजे आणि चारही बाजूंनी चांगली दिसली पाहिजे. फोटोला एकच बाजू दिसते. म्हणून शूटवरची स्टायलिस्ट आधी कॅमेरा कुठे आहे आणि उजेड कुठून येतो हे बघते. पिना कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला लपवते, दिसणाऱ्या बाजूला हलका फुगारा ठेवते. उजेड पाठीमागून येत असेल तर डोक्यावरचे बारीक उडते केस फोटोत तारांसारखे चमकतात. डोळ्यांना जे दिसत नाही ते कॅमेरा दाखवतो. म्हणून तिचं अर्धं लक्ष मॉडेलच्या डोक्याकडे आणि अर्धं स्क्रीनकडे असतं.

केसांची जात ओळखणं ही त्याहून मोठी गोष्ट. तेल लावलेल्या केसांत वळण टिकत नाही. अगदी त्याच दिवशी धुतलेले केसही कधी कधी इतके गुळगुळीत असतात की पिन सरकते. पातळ केसांना गरम इस्त्री कमी तापमानावर लावावी लागते, नाहीतर केस जळतो आणि परत येत नाही. दाट, राठ केसांचे छोटे छोटे भाग करून एकेक भाग सरळ करावा लागतो. शिवाय शूटमध्ये एकाच दिवशी चार-पाच वेगवेगळ्या कपड्यांचे फोटो असतात. मग आधी साधी रचना, नंतर वळणं, शेवटी अंबाडा असा क्रम लावावा लागतो, कारण स्प्रे मारून, मागून विंचरून फुगवलेले केस पुन्हा मोकळे आणि मऊ करायला वेळ नसतो. ज्या मुलीला हे सगळं डोक्यात ठेवता येतं, तिला आपण "अभ्यासात कच्ची म्हणून पार्लरला गेली" म्हणतो.

कॅमेऱ्यासाठी केस कापण्याची आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट म्हणजे साधना कट. १९६० साली आलेल्या 'लव्ह इन सिमला'साठी साधनाचं कपाळ पडद्यावर रुंद दिसत होतं. दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्नसारखी कपाळावर येणारी झालर सुचवली. अडचण कॅमेऱ्याची होती, उपाय कात्रीने काढला, आणि पुढची कित्येक वर्षं देशभरच्या मुली तशी झालर कापून घेत राहिल्या. कटाला नाव साधनाचं मिळालं, कल्पनेचं श्रेय नय्यर यांना. कात्री चालवणाऱ्या हाताचं नाव लोकांच्या तोंडी कधी आलंच नाही. या धंद्याचं हे जुनं दुखणं आहे.

हे सगळं मुंबईचं फॅड आहे, आपल्या मातीत याचं काय, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तेरला जावं. गोरोबाकाकांचं तेर आपल्याच जिल्ह्यात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ते तगर नावाने ओळखलं जायचं आणि इथला माल रोमपर्यंत जात होता. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या छोट्या स्त्रीमूर्ती आहेत. त्यांचे चेहरे साधे आहेत, पण डोकी बघा. केसांच्या गुंडाळ्या, वेण्या, त्यांत माळलेले दागिने, सगळं बारकाईने घडवलेलं. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्तीही प्रसिद्ध आहे, कारण तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती इटलीत पॉम्पेईला सापडली, जे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं. मूर्तिकाराने ते केस मनाने रचले नसतील. त्याच्या आसपासच्या बायकांच्या डोक्यावर ते कुणीतरी रोज रचत असणार. ते हात तगरचे होते, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचे.

आता जात. "हज्जामत करेगी?" या प्रश्नातला डंख कात्रीत नाही, तो हज्जाम या शब्दात भरलेला आहे. इस्लाममध्ये जात नाही हे आपण प्रत्येक जलशात सांगतो, आणि रिश्ता बघताना पहिला प्रश्न बिरादरीचा विचारतो. हज्जाम बिरादरीने स्वतःचं नातं हजरत सलमान फारसींशी जोडून सलमानी नाव घेतलं. त्यामागे या तुच्छतेतून बाहेर पडण्याची धडपड होती. महाराष्ट्रात जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली आणि दिलीपकुमार तिच्या व्यासपीठावर आले. ७ डिसेंबर १९९४ च्या शासन निर्णयाने मुसलमानांमधल्या मागास बिरादऱ्यांचा सवलतींचा रस्ता मोकळा झाला. ज्यांच्या कपाळावरच्या बटेची नक्कल एका पिढीने केली, त्या दिलीपकुमारांना केस राखणाऱ्यांच्या बिरादरीसोबत बसायला कमीपणा वाटला नाही. आपल्याला मात्र वाटतो. दाखला काढताना बिरादरी चालते, धंदा सांगताना लाज वाटते.

या कामाभोवती आणखी एक भिंत होती, आणि ती मुंबईत होती. आपल्या बाजारपेठेत केसांचं काम पुरुषांचं मानलं जातं. मुंबईच्या सिनेसृष्टीत उलट होतं. तिथल्या सिने कॉस्च्युम मेकअप आर्टिस्ट अँड हेअर ड्रेसर्स असोसिएशनच्या नियमांनुसार बाईला मेकअप आर्टिस्टचं कार्ड मिळत नसे. तिने फक्त हेअर ड्रेसर व्हावं, मेकअप पुरुषांनीच करावा, असा तो कारभार. अमेरिकेत मेकअप शिकून आलेल्या चारू खुराना यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि न्यायमूर्ती उदय लळीत यांच्या खंडपीठाने तो नियम रद्द केला. महाराष्ट्रात पाच वर्षं राहिल्याची अटही गेली. समानता आणि हवा तो व्यवसाय करण्याचा हक्क ही संविधानाची कलमं त्या निकालाच्या मुळाशी आहेत.

हा निकाल वाचताना मला एक गोष्ट लक्षात आली. गावात केस कापणं हलकं मानलं गेलं म्हणून ते एका जातीवर टाकलं. सिनेमात केस करणं मेकअपपेक्षा दुय्यम मानलं गेलं म्हणून ते बायकांवर टाकलं. काम तेच, कंगवा तोच. दोन्हीकडे हाताचं कसब कुणी बघितलं नाही, जन्म बघितला. न्यायालयाने एक भिंत पाडली. घरातली भिंत पाडायला कुठलंही न्यायालय येणार नाही.

तिसरी गोष्ट पडद्याची, आणि तिची मी टर उडवणार नाही. आपल्या मुलीने परक्या पुरुषांचे केस करू नयेत, कपड्यांचं शूट कसलं आहे ते बघावं, रात्री-अपरात्री एकटीने प्रवास करू नये, असं आई-बापांना वाटत असेल तर त्यात काळजी आहे. दुसऱ्याचे केस जोडण्याबद्दल हदीसमध्ये मनाई आली आहे आणि आजच्या शूटमध्ये जोडकेस सर्रास लागतात, हेही खरं. पण यातल्या प्रत्येक गोष्टीवर निवड करता येते. बायकांच्याच शूटचं काम घेता येतं. जोडकेसांचं काम नाकारता येतं. डॉक्टर मुलगी आपल्या दवाखान्याचे नियम ठरवते, तसे स्टायलिस्ट मुलीनेही ठरवावेत.

उलट मला विचारायचं आहे की आपल्या लेकीच्या लग्नात केस करायला बाईच हवी, खोली बंद हवी, फोटो काढणारीही बाई मिळाली तर उत्तम, असा आग्रह आपण धरतो. त्या बायका येणार कुठून? दुसऱ्याच्या लेकीने हे शिकावं आणि आपल्या लेकीची सोय करावी, स्वतःच्या लेकीने शिकलं की इज्जत जाते, हा कुठला इन्साफ?

शब-ए-मेराजच्या बयानात आपण एक वाकया ऐकतो. मुस्नद अहमदमध्ये तो आला आहे. मेराजच्या रात्री हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांना एक फार सुंदर सुगंध आला. जिब्रील अलैहिस्सलाम यांनी सांगितलं की हा फिरऔनच्या मुलीचे केस विंचरणाऱ्या बाईचा आणि तिच्या लेकरांचा सुगंध आहे. विंचरताना तिच्या हातून कंगवा पडला, तोंडातून अल्लाहचं नाव निघालं, आणि त्या नावापायी तिने लेकरांसह जीव दिला. हे ऐकताना मशिदीत आणि घरोघरी डोळे भरून येतात. तिची ओळख म्हणून सांगितलं जातं ते तिचं काम. ती केस विंचरणारी होती, एवढंच. त्या कामाने तिचा दर्जा कमी झाला नाही. मग आपल्या मोहल्ल्यातल्या मुलीचा कसा होतो?

आता व्यवहाराचं बोलू. २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांची यादी काढली, तेव्हा आपला जिल्हा तीत होता. म्हणजे मागे राहिलेला. अशा जिल्ह्यात हाताला हुनर देणारी कुठलीही गोष्ट नाकारताना दहादा विचार करावा. आयटीआयमध्ये कॉस्मेटोलॉजी हा एक वर्षाचा व्यवसाय अभ्यासक्रम आहे आणि त्याला दहावी पुरते. नंतर फोटोशूटचं काम एखाद्या अनुभवी स्टायलिस्टच्या हाताखाली राहूनच शिकावं लागतं. काम फक्त मुंबईतच आहे असंही नाही. सोलापूर, लातूरचे कापडवाले, सराफ आणि बुटिकवाले आता आपल्या मालाचे फोटो मोबाइलवर टाकतात. नळदुर्गच्या किल्ल्यात लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी दिसतात, आणि तिथल्या वाऱ्यात केस जागेवर ठेवणं किती कठीण आहे हे तिथे गेलेल्यालाच कळेल.

धंद्यात खाचखळगे आहेत. पगार बांधलेला नसतो. पैसे उशिरा येतात, कधी बुडतात. म्हणून दर आधी लेखी ठरवा, आगाऊ रक्कम घ्या, प्रवासाचा खर्च वेगळा धरा, सोबत मैत्रीण किंवा घरचं माणूस ठेवा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, तो मुलींना माहीत असू द्या. आणि फोटो छापला किंवा टाकला गेला तर खाली केस करणारीचं नाव आलं पाहिजे, ही अट पहिल्या कामापासून घाला. नाव आलं की पुढचं काम येतं.

आई-बापांना माझी एवढीच विनंती आहे. मुलगी हे शिकायचं म्हणाली तर "हज्जामत करेगी?" विचारू नका. कुठे शिकणार, कुणाकडे शिकणार, खर्च किती आणि येण्याजाण्याचं काय, हे विचारा. हे प्रश्न तुम्ही बीएडला पाठवतानाही विचारले होते. तेवढाच मान या हुनरलाही द्या.