एका पत्राचा गुण

पडसं झालं की दवाखान्यात जाऊन “डॉक्टर, जालीम गोळी द्या” असा आग्रह आपण धरतो. विषाणूंच्या सर्दीवर प्रतिजैविकं चालत नाहीत हे डॉक्टरांना ठाऊक असतं. तरी चिठ्ठी लिहिली जाते. मग त्यांना आणखी शिकवून काय होणार?

इंग्लंडात २०१४ साली निराळा उपाय झाला. ही औषधं सर्वांत जास्त लिहिणारे सुमारे दीड हजार दवाखाने निवडले. त्यांतल्या निम्म्यांना मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांच्या सहीचं पत्र गेलं : तुमच्या भागातले ८० टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी प्रतिजैविकं लिहितात. दंड नाही, नोटीस नाही. पत्र न मिळालेल्यांच्या मानाने सहा महिन्यांत प्रमाण ३.३ टक्क्यांनी घटलं. ७३ हजारांहून जास्त औषधं कमी लिहिली गेली.

(ऊसवाल्याला याचं नवल नाही. शेजाऱ्याचं एकरी टनेज कळलं की आपणही बांधावर हिशेब मांडतोच!)

असे आकडे आपल्या तालुक्यातल्या डॉक्टरांनाही कळावेत, असे आमचे मत आहे. पण सुई टोचली नाही म्हणून दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढणारे आपणच. तेव्हा पत्र नुसतं डॉक्टरांना धाडून भागायचं नाही. येत्या वार्षिक सभेत या विषयाला अर्धा तास मिळावा, अशी आमची संचालक मंडळाला विनंती आहे.