हॅन्डमेड, पण भोक तयार

'हॅन्डमेड' हा शब्द ऐकला की हल्ली माझं डोकं सटकतं. आणि या प्रकरणात पहिला गुन्हेगार मीच आहे, म्हणून आधी माझीच गोष्ट सांगतो.

तीनेक वर्षांपूर्वी मला हाताने तंबाखूचे पाइप बनवायचं खूळ लागलं. (मी स्वतः ओढत नाही. तंबाखू पाइपमधून ओढली तरी वाईटच, त्यावर वाद घालायला येऊ नका.) दिवसभर स्क्रीनवर जे करतो ते हातात धरता येत नाही, म्हणून वीकेंडला हातात धरता येईल असं काहीतरी करायचं, इतकंच. मिलानला ऑनसाईट गेलेल्या मित्राने येताना एक किट आणलं. ब्रायरचा ठोकळा, त्यात वाटीचं भोक आधीच पाडलेलं, दांडीतलं भोकही पाडलेलं, तोंडात धरायची नळी बसवलेली. मी काय केलं? बाहेरचं नको ते लाकूड कानशीने काढलं, १२० पासून ६०० नंबरपर्यंत पॉलिश पेपर मारला, डाय लावला, कार्नोबा मेण लावून बफिंग केलं. सोमवारी ऑफिसमधे डेस्कवर ठेवला तर अख्खा फ्लोअर गोळा. "सही रे! हॅन्डमेड?"

मी म्हणालो, "हो."

चक्क थाप! पाइपमधे जे काही पाइपपण असतं ते कारखान्यात आधीच होऊन आलं होतं. मी फक्त त्याला कपडे घातले होते.

हे मला कळलं दुसऱ्या पाइपच्या वेळी. या वेळी कोरा ठोकळा घेतला. घरातल्या हँडड्रिलने, डोळ्याच्या अंदाजाने भोकं पाडली आणि बाहेरचं काम मात्र तब्येतीत केलं. पाइप दिसायला असा झाला की मीच प्रेमात पडलो. आत्याच्या यजमानांना, म्हणजे आमच्या काकांना, पंचाहत्तरीला दिला. मर्चंट नेव्हीत होते, चाळीस वर्षं पाइप ओढतायत. पंधरा दिवसांनी मी विचारलं, "काका, कसा आहे?" ते जरा थांबले. म्हणाले, "दिसतो झकास रे. पण ओढवत नाही. आत पाणी गुडगुडतं."

आता त्यामागचं कारण ऐका, कारण सगळा वाद त्यातच आहे.

पाइपची वाटी साधारण १९-२० मिमी रुंद असते. दांडीतून येणारं हवेचं भोक फक्त ४ मिमीच्या आसपास. ते वाटीच्या तळाशी, बरोबर मधे उघडायला हवं. माझं उघडलं होतं एक सूत वर. म्हणजे तळाची तंबाखू कधी पेटणारच नाही, नुसती ओली होऊन बसणार. शिवाय नळीचं टोक दांडीतल्या ज्या खळग्यात बसतं, तिथे टोकापुढे मी फट ठेवली होती. गरम धूर फटीत अचानक पसरतो, थंड होतो, तिथेच पाणी साचतं. तेच गुडगुडतं. याची टेस्ट एकदम सोपी आहे: पाइप न उघडता नळीच्या तोंडातून पाइप साफ करायची तार आत घालायची. कुठेही न अडकता वाटीत आली पाहिजे. माझी अडली. टेस्टिंग न करता प्रॉडक्शनला टाकलं होतं, दुसरं काय!

तर माझं म्हणणं असं आहे की पाइप म्हणजे ती भोकं. बाकी सगळं पॅकेजिंग. आणि किटवाले नेमकं तेच तयार करून देतात, वर आपल्याला 'क्राफ्ट्समन' म्हणवून घ्यायची सोय करून देतात. किटवर हात साफ करायला माझी ना नाही. मीही तिथेच कानस धरायला शिकलो. पण त्याला रंगकाम म्हणा ना!

यातलीच उलटी जमात म्हणजे 'लेथ वापरला की चीटिंग'वाले. यांना सगळं चाकूने कोरलेलं हवं. कोरा बापडे. पण ४ मिमीचं लांब बिट हाताने सरळ नेऊन दाखवा. ब्रायर म्हणजे काही सागाची पट्टी नव्हे. भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया नावाच्या झुडपाची, मूळ आणि खोड यांच्या मधली गाठ आहे ती. तासन् तास उकळून त्यातला रस काढतात, मग कित्येक महिने वाळवतात. म्हणून तर ती निखाऱ्याला टिकते. पण गाठ ती गाठच, रेषा वाट्टेल तशा फिरलेल्या. लांब बारीक बिट आत भरकटतं.

भोसरीतल्या एका टर्नर दादांनी मला हे पहिल्या पाच मिनिटांत शिकवलं. ठोकळा हातात घेऊन त्यांनी आकाराबद्दल एक शब्द विचारला नाही. "भोक कुठून निघून कुठं पोचायचं ते आधी पेन्सिलनं काढा." मग फोर-जॉ चकमधे ठोकळा धरून सेंटर काढायलाच त्यांनी अर्धा तास घेतला. आधी आखूड बिट, मग लांब. वाटीसाठी चपटं बिट ग्राइंडरवर घासून गोल केलं. खळग्याचा तळ सपाट केला. मशीन फिरवायला वीस मिनिटं लागली असतील. विजेवर चालणारं मशीन होतं म्हणून ते हाताचं काम नाही? प्रत्येक निर्णय त्या माणसाचा होता.

डेन्मार्कचं उदाहरण देऊन मला नेहमी गप्प करायला बघतात. सिक्स्टन इवारसन (१९१०–२००१) या मूळ स्वीडिश माणसाने कोपनहेगनमधे मोकळ्या आकाराच्या पाइपचं युग सुरू केलं. लाकडाच्या रेषा बघून तो सँडिंग डिस्कवर आकार काढायचा, भोकं नंतर. "बघ, आकार आधी!" अहो, पण त्याची सुरुवात पाइपदुरुस्तीपासून झाली होती. लोकांच्या तुंबलेल्या, जळलेल्या पाइपच्या आत बघून झालं होतं त्याचं. आकार घासताना भोक कुठे जाणार हे त्याच्या डोक्यात पक्कं असणार. आपण फक्त त्याचे फोटो बघतो आणि वळणं कॉपी करतो. फोटोत भोक दिसत नाही ना!

आणि ऑनलाईन मिळणारे ते शिसवीचे 'हॅन्डमेड' पाइप... बाहेर नक्षीच नक्षी, आत चकचकीत वॉर्निश. निखाऱ्याखाली वॉर्निश! असो. त्यावर लिहायला लागलो तर रविवार जाईल.

नळीचं मात्र सांगायला हवं. मी एबोनाइटचा रॉड वापरला, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. राजमहेंद्रीच्या रत्नम पेनांपासून आपल्याकडचे कितीतरी फाउंटन पेनवाले हेच लेथवर कातत आलेत. दाताला मऊ लागतं, पण उन्हात ठेवलं की हिरवट पडतं. कानस मारली की गंधकाचा असा वास सुटतो की आईने मला मशीनसकट गॅलरीत काढलं. अजून तिथेच आहे.

काकांकडून तो पाइप परत मागून घेतला. त्यांना वाटलं मी रागावलो. टर्नर दादांनी उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "हे आता भरून नीट होत नाही, सोडा." तीन वीकेंडचं काम होतं. आता नवा ठोकळा घेतलाय, त्यावर पेन्सिलने फक्त दोन रेषा आहेत. शनिवारी भोसरीला जायचंय. काका दोनदा फोनवर विचारून झाले, "आकार कोणता करतोयस?" मी म्हटलं, "काका, आधी तार आरपार जाऊ द्या, मग सांगतो."