गिअरपेटीचें तेल केव्हां बदलावें?

बैलाची निगा कशी राखावी हें शेतकरी बंधूंस सांगण्याची आवश्यकता नाहीं. परंतु बैलाच्या जागीं जें यंत्र दारांत उभें राहिलें, त्याच्या बाबतींत ती दक्षता दिसत नाहीं. ट्रॅक्टरच्या इंजिनाचें तेल बहुतेक लोक वेळेवर बदलतात. गिअरपेटीच्या तेलाची आठवण मात्र लिफ्ट नांगर उचलीनाशी झाली म्हणजेच होते. हें तेल केव्हां बदलावें याचा निर्णय मिस्त्रीच्या अंदाजानें किंवा यंत्राच्या बिघाडानें न होतां, मालकाच्या वहीनें व्हावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

या हयगयीचीं कारणें दोन आहेत. पहिलें खर्चाचें. मध्यम ट्रॅक्टरच्या इंजिनास सात-आठ लिटर तेल पुरतें, तर गिअरपेटीस बहुधा ३० ते ६० लिटर लागतें. दुसरें कारण समजुतीचें. इंजिनाचें तेल थोडें जळतें, काळें पडतें, म्हणून तिकडे लक्ष जातें. गिअरपेटीचें तेल जळत नाहीं. गळती नसेल तर वर्षानंतरही पातळी तीच राहते. मग 'आहे तेवढें आहे, बदलावयाचें काय?' असा प्रश्न विचारला जातो. परंतु पातळी म्हणजे गुण नव्हे. विहीर तुडुंब भरलेली असली म्हणजे तिचें पाणी पिण्याजोगें असतेंच असें नाहीं. उष्णतेनें व घर्षणानें तेलांतील संरक्षक द्रव्यें क्षीण होतात, आणि झिजलेल्या धातूचा बारीक कीस त्यांत साठत जातो.

शिवाय ट्रॅक्टरमधील हें तेल केवळ दांत्यांचें वंगण नव्हे. सन १९३९ मध्यें हॅरी फर्ग्युसन यांची रचना घेऊन फोर्डचा जो ट्रॅक्टर निघाला, त्यांत गिअर आणि उचल यांस एकच तेल पुरत असे. आजच्याही पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल, लिफ्टचा पंप आणि तेलांत बुडालेले ब्रेक यांचें काम एकाच तेलावर चालतें. तें बिघडलें म्हणजे एकदम चार अवयवांस धोका पोहोंचतो, आणि उतारावर भरलेली ट्रॉली मागें असतां ब्रेकचा प्रश्न केवळ पैशाचा राहत नाहीं.

आतां मुदतीविषयीं. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांत सुमारे १००० तासांची मर्यादा दिलेली असते; कांहींत महिन्यांचीही असते. ज्यानें त्यानें आपली पुस्तिका पाहावी, व दोहोंपैकीं जी मर्यादा आधीं येईल ती पाळावी. पण तास मोजणार कोण? कित्येक ट्रॅक्टरांचें मीटर बंद असतें. तारेवर चालणारें जुनें मीटर तर इंजिन ठराविक वेगानें फिरत असेल तेव्हांच घड्याळाशीं जुळतें. मंद वेगांत तें तास कमी दाखवितें. सबब एक साधी वही ठेवावी. तारीख, काम, तास आणि तेल, एवढे चार रकाने पुरेत. महसूल खात्यांत आयुष्य घालविल्यावर एक गोष्ट मनावर ठसते, ती ही कीं, ज्याची नोंद नाहीं त्याचा वाद होतो; मग तो भावाभावांत असो कीं मालक व चालक यांच्यांत असो.

तथापि कांहीं प्रसंगीं मुदतीची वाट पाहूं नये. भाताच्या चिखलणींत ट्रॅक्टर उतरत असेल, तर झिजलेल्या सीलमधून पाणी आंत शिरतें. तेल दुधाळ दिसलें कीं पाणी मिसळलें असें समजावें, आणि पाणी कोठून आलें तें शोधून मगच नवें तेल भरावें. करपट वास, खालच्या बोल्टास चिकटलेले धातूचे कण, लिफ्टची मंद उचल, हींही तपासणीचीं चिन्हें होत. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनें ओढली जाणारी हायड्रॉलिक ट्रॉली आपल्या ट्रॅक्टरला जोडल्यास त्याचें तेल व त्यांतील घाण आपल्या पेटींत येते, हेंही ध्यानांत ठेवावें.

याच्या उलट, कोणी आग्रह केला म्हणून सुस्थितींतील तेल मुदतीच्या निम्म्यांतच ओतून देणें ही उधळपट्टी होय. वही दोन्ही टोकें टाळते.

तेल बदलतांना यंत्र थोडें चालवून तेल कोमट करावें, म्हणजे गाळासह निथळतें. फिल्टर बदलावा, जाळी धुवावी, आणि पुस्तिकेंत सांगितलेल्याच प्रतीचें तेल घालावें. पातळी पाहतांना ट्रॅक्टर सपाट जागीं उभा करून लिफ्ट खालीं उतरवावी. जुनें तेल बांधावर किंवा ओढ्यांत ओतूं नये. सन २०१६ च्या नियमांप्रमाणें तें घातक कचऱ्यांत मोडतें.

रब्बीची मळणी उरकल्यापासून मृगापर्यंतचा काळ या कामास उत्तम. तेलाचा खर्च त्या वेळीं जड वाटतो खरा. परंतु पेरणींत ट्रॅक्टर अडला असतां दुरुस्तीचा खर्च कदाचित् भरून निघेल, गेलेला वाफसा मात्र परत येत नाहीं.