कोयता दोघांचा, नाव एकाचं



गेल्या हंगामात ऊसतोडीच्या तळावरच्या एका बाईला घेऊन मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेले होते. पहाटेच्या अंधारात तोड चालू असताना तिच्या डाव्या हाताच्या तर्जनीवर कोयता बसला होता. 'कशानं कापलं?' डॉक्टरांनी विचारलं. ती बोलायच्या आत बरोबर आलेला मुकादम म्हणाला, 'घरी विळी लागली.' केसपेपरवर तेच लिहिलं गेलं. बोट तर गेलंच, पण त्या तीन शब्दांनी तिचा भरपाईचा हक्कही जवळजवळ नेला. मी शेजारीच उभी होते, आणि मला ते उशिरा कळलं. त्या चुकीची बोच मनात ठेवूनच हे लिहिते आहे.

कामावर झालेल्या इजेबद्दल मालकाने भरपाई द्यावी, हा कायदा आपल्या देशात १९२३ पासून आहे. त्याच्या इंग्रजी नावातला 'वर्कमन' हा पुरुषवाचक शब्द जायला ८६ वर्षं लागली. २००९ च्या दुरुस्तीने तिथे 'एम्प्लॉयी' आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावल्या गेल्या आहेत. मूळ तत्त्व मात्र तेच राहिलं आहे. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. इजा कामामुळे आणि काम चालू असताना झाली, एवढं दाखवावं लागतं.

एवढंच, पण बाईच्या बाबतीत तेच सर्वांत अवघड. कारण आधी ती कामगार आहे हे दाखवावं लागतं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल घेताना सही किंवा अंगठा नवऱ्याचा, मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं, हिशेबही त्याच्याशीच. ती ऊस तोडते, पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, रात्री-अपरात्री गाडी भरते. एक दिवस आजारी पडली तर खाड्याचा दंड मात्र बरोबर कापला जातो. म्हणजे दंड करायला ती कामगार आणि भरपाई द्यायची वेळ आली की कुणाची तरी बायको!

कायद्याच्या परिशिष्टात अवयवांचा तक्ता आहे. अख्खी तर्जनी गेली तर कमावण्याच्या क्षमतेत १४ टक्के घट, अंगठा गेला तर ३० टक्के. या टक्केवारीला महिन्याची मजुरी आणि वयाचा आकडा यांची जोड देऊन रक्कम काढतात. पण जिची स्वतंत्र मजुरी कुठल्याच कागदावर नाही, तिचा हिशेब कशावरून करायचा? आणि डाव्या हाताने ऊस धरणाऱ्या बाईचं नुकसान खरंच १४ टक्केच का? हात गमावलेल्या एका सुताराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७० च्या दशकात त्याची अक्षमता पूर्ण मानली होती, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. इजा मोजताना त्या माणसाचं काम पाहायचं, हा विचार आपल्यालाही दाव्यात मांडता येईल.

भरपाई मागायची कुणाकडे, हा पुढचा झगडा. मुकादम कारखान्याकडे बोट दाखवतो, कारखाना वाहतूक ठेकेदाराकडे. ठेकेदारामार्फत आपल्या धंद्याचंच काम करून घेणाऱ्या मुख्य मालकावरही जबाबदारी येऊ शकते, ही तरतूद जुन्या कायद्यात होती आणि नव्या संहितेतही आहे. शेत आमचं नाही, मजूर आमचा नाही, असं उत्तर येणारच. ते गृहीत धरूनच तयारी करायला हवी.

ही तयारी अपघातानंतर नव्हे, टोळी निघण्याआधी करायची आहे. उचलीच्या करारावर बाईचं नाव आणि तिची सही हवी, हा आग्रह गावातच धरू या. तळावर गेल्यावर एका वहीत कारखान्याचं नाव, मुकादमाचं नाव, आज कुणाच्या फडात तोड आहे आणि गाडीचा नंबर हे रोज टिपून ठेवायला बायकांना सांगू या. लिहिता न येणाऱ्या बाईसाठी टोळीतली शाळकरी मुलगी लिहील. इजा झाली तर दवाखान्यात बाईनेच बोलायचं: 'कामावर असताना लागलं.' केसपेपरवर तसं लिहिलंय का, ते वाचून घेतल्याशिवाय बरोबरच्या कार्यकर्तीने उठायचं नाही. पट्टी झाली की मालकाला लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची.

आपल्या चळवळीने घरातल्या मारहाणीचा केसपेपर कसा लिहून घ्यायचा, हे मोठ्या कष्टाने शिकून घेतलं. 'जिन्यावरून पडले' या वाक्यामागचं खरं ऐकायला आपण शिकलो. 'घरी विळी लागली' हे वाक्य त्याच जातीचं आहे. फरक इतकाच की इथे गप्प बसवणारा मालकाचा माणूस असतो, आणि उचल फिटलेली नसल्याने नवराही मान खाली घालतो.

त्या बाईचा दावा अजून उभा राहिलेला नाही. हंगाम संपला, टोळी गावी परतली. तिच्याबरोबर फडात असलेल्या दोघी साक्ष द्यायला तयार आहेत, त्यांचे जबाब आम्ही लिहून घेत आहोत. दिवाळीच्या सुमारास टोळ्या पुन्हा निघतील. तुमच्या भागातून निघणाऱ्या बायकांशी त्याआधी एक तरी बैठक घ्या, आणि करारावर किती जणींची नावं लागली ते आम्हाला कळवा.